कंपनी बंद होती म्हणे

आज ७ मे. २०२० साली याच दिवशी पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची (प्लास्टिक बनवायच्या द्रवाची) वाफ सुटली आणि १२ माणसं गेली. तेव्हा जो तो म्हणत होता, "अहो, पण लॉकडाउनमध्ये कंपनी तर बंद होती!"

बंद होती म्हणूनच झालं ना. स्टायरीन थंड ठेवावं लागतं, त्यात इनहिबिटर (घट्ट होणं रोखणारं रसायन) पुरेसं लागतं. नाहीतर ते आपोआप घट्ट व्हायला लागतं, त्यातून आणखी तापतं. चौकशीत निघालं की तापमान टाकीच्या तळाशीच मोजत होते. वर काय शिजतंय याचा पत्ता नाही. भोंगाही वाजला नाही.

मी तेव्हा नाशिकच्या अंबडला एका छोट्या प्लेटिंग (धातूला मुलामा देणाऱ्या) कंपनीत स्टोअर बघायचो. नाव घेत नाही, मालक तसा भला माणूस. मार्चमध्ये घाईघाईत शटर ओढलं ते थेट मे महिन्यात उघडलं. वर तापलेला पत्रा, एक्झॉस्ट बंद. फवारणीसाठी आणलेले हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक) कॅन फुगून टम्म झालेले. उन्हात हायपोतून ऑक्सिजन सुटतो, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. लगेच शेजारी हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन, त्यातला एक तळाशी पाझरलेला. ही दोन पाणी एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो, हे वेगळं सांगायला नको. आणि शटरला टेकून वॉचमन काकांची खाट! म्हणाले, "भाऊ, वास येत होता, पण मला वाटलं कोरोनाच्या फवारणीचा असंल."

घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम १९८९ पासून आहेत. दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल वगैरे सगळं त्यात आहे, पण ते ठरावीक साठ्याच्या वर. क्लोरीनची किमान मर्यादाच १० टन! अंबड-सातपूरच्या गाळ्यांतले वीस-पंचवीस कॅन त्यात कुठून बसणार? विशाखापट्टणमनंतर दोनच दिवसांत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढल्या, कंपनी सुरू करताना पहिला आठवडा चाचणीचा समजा म्हणून. चांगलंच केलं. पण त्या उघडतानाच्या. आमचा घोळ शटर ओढतानाच झाला होता.

लॉकडाउनमध्ये कंपनी उघडायचा पास देताना विचारणा काय होती? कामगार किती, गाड्या किती, सॅनिटायझर आहे का. स्टोअरमध्ये काय पडलंय, हे आम्हाला कोणी विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच: पुन्हा अशी वेळ आली तर पहिला पास स्टोअर बघणाऱ्याला द्या, उत्पादनवाल्यांना नंतर. आणि शटर ओढायच्या आधी कुठलं रसायन किती आणि कोणाशेजारी, हे एका कागदावर लिहून घ्या, गाळा कितीही छोटा असो.

"धंदा बसलेला, त्यात हा आणखी एक कागद?" असं मित्र म्हणतात. कागदांचा वीट मलाही आहे. पण नाशिककरांना हे पटवायला विशाखापट्टणम कशाला हवं? २१ एप्रिल २०२१, झाकीर हुसेन रुग्णालय. तिथे तर साठवलेला ऑक्सिजन होता. टाकी गळली, दाब घसरला, २२ रुग्ण गेले.

तरीही ज्यांना हे जास्तीचं वाटतंय, त्यांनी उद्या कंपनीत गेल्यावर हायपो आणि ॲसिड यांच्यातलं अंतर पावलांनी मोजून इथे कमेंटमध्ये टाका. आमच्याकडे तेव्हा दीड पाऊल होतं.