सोडलं ना, मग झालं की

आज १३ एप्रिल. सकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जालियनवाला बाग सुरू आहे. विहिरीचा फोटो, गोळ्यांच्या खुणांची भिंत आणि खाली एकच मागणी, ब्रिटननं माफी मागितलीच पाहिजे. मागितलीच पाहिजे, माझं दुसरं काही म्हणणं नाही. ३७९ हा मृतांचा आकडा त्यांचाच, सरकारी. खरा आकडा त्याहून मोठा, हे सगळ्यांना माहीत आहे. शंभर वर्षं झाली तेव्हा, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे संसदेत उठल्या, खेद व्यक्त केला आणि खाली बसल्या. माफी नाहीच. माझंही रक्त तापतं.

म्हणून मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की विषय निघालाच आहे तर त्याच वर्षी, त्याच्या दीड महिना आधी, आपल्या नाशिकच्या टाडा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, कोर्टानं अकरा जणांना निर्दोष सोडलं होतं. पकडलं होतं १९९४ मध्ये. पंचवीस वर्षं त्यांच्या कपाळावर दहशतवादी लिहिलेलं होतं. त्यांची माफी कोणी मागितली का?

पाच मिनिटांत मी देशद्रोही झाले. एकानं विचारलं, "ते तुमचे कोण लागतात?" आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "सोडलं ना त्यांना? मग झालं की."

हे वाक्य मी आधी ऐकलंय. अगदी हेच.

मी जेल रोडला वाढले. अण्णा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, इथे नोटा छापतात, आणि देशाचे पासपोर्टही इथेच छापतात. आमचे शाळेचे युनिफॉर्म, अण्णांच्या पँटी, सगळं देवळाली गावातल्या एका टेलरमास्तरांकडे असायचं. सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावला बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मास्तरांचे साडू मालेगावचे. तेवढ्यावरून मास्तरांना चौकशीला नेलं. गुन्हा दाखल नाही, अटकेची नोंद नाही. काही दिवसांनी सोडून दिलं. परत आले तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. टेलरचा उजवा हात.

पण हातापेक्षा वाईट पुढे झालं. लोक कापड परत न्यायला येऊ लागले. दिवाळी तोंडावर होती, शिवायला टाकलेलं, अजून बेतलंही नव्हतं असं कापड. "नंतर टाकतो मास्तर, घाई नाही." कोणी वाईट बोललं नाही. सगळे अगदी गोड बोलून कापड घेऊन गेले.

मास्तर आमच्याकडे आले. म्हणाले, "अण्णा, पैसा नको, काही नको. एवढं लिहून मागा, की चौकशीत काही निघालं नाही." अण्णांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी अर्ज लिहिला, दोघं ठाण्यात गेले. कुठल्या, ते लिहीत नाही. साहेबानं खुर्ची दिली, चहा मागवला. बोलायला सभ्य माणूस होता, असं अण्णा नेहमी सांगायचे. आणि तो म्हणाला, "अहो चाचा, तुम्हाला सोडलं ना? मग झालं की."

अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली. उत्तर कधीच आलं नाही.

तर काका, नाही झालं. सोडणं म्हणजे तुम्ही त्याला कोंडलेल्या खोलीतून बाहेर काढलंत. ज्या गावात तो परत जातो, त्या गावाला तुम्ही काही सांगितलंत का? धरून नेताना जीप सगळ्यांच्या देखत येते, सोडताना माणूस रिक्षा करून एकटा घरी येतो. माफी त्या एकट्याला ऐकवायची नसतेच. ती शेजारपाजाऱ्यांना ऐकवायची असते.

इंग्रजांचंच उदाहरण घ्या, आज त्यांचाच दिवस आहे. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या पबमध्ये आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेनं बॉम्ब फोडले. पोलिसांनी चार जण धरले, मारहाण करून, धमकावून कबुलीजबाब घेतले, जन्मठेप झाली. पंधरा वर्षांनी, १९८९ मध्ये, कोर्टानं शिक्षा रद्द केली. त्यांच्यातल्या जेरी कॉनलनचे वडीलही याच भानगडीत अडकवले गेले होते. ते कैदेत असतानाच वारले. आणि तरी, सुटल्यावरही, लोक वर्षानुवर्षं कुजबुजत राहिले की काहीतरी असेलच. २००५ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर टीव्हीवर आले आणि या लोकांची पूर्ण आणि जाहीर निर्दोषता मान्य करून माफी मागितली. जाहीर, हे महत्त्वाचं.

उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचंही तसंच. ज्या गावात काही लोक स्वतःला आयरिश म्हणतात, काही ब्रिटिश, आणि गावाच्या नावावरही एकमत नाही. तिथे जानेवारी १९७२ मध्ये ब्रिटिश लष्करानं मोर्चावर गोळ्या झाडल्या, तेरा माणसं त्याच दिवशी गेली. पहिल्या चौकशीनं सैनिकांची बाजू सावरली आणि मेलेल्यांवरच संशय ठेवला. अडतीस वर्षांनी पंतप्रधान कॅमेरन संसदेत म्हणाले की याचं समर्थन होऊच शकत नाही, आणि माफी मागितली. लोक चौकात मोठ्या पडद्यावर ते बघत होते. मुलं म्हातारी झाली होती, पण आपला माणूस बंदूकवाला नव्हता हे सरकारच्या तोंडून गावानं ऐकलं. ब्रिटन बुडालं का त्यानं?

आणि आपल्याकडे? मालेगावच्या त्या स्फोटांसाठी नऊ जण धरले होते, मालेगाव-मुंबईचेच मुसलमान. निदान पाच वर्षं आत. एप्रिल २०१६ मध्ये दोषमुक्त झाले, तोवर एक जण वारलाही होता. कब्रस्तानात मेलेली माणसं त्यांच्याच गावची, त्यांच्याच नात्यागोत्यातली. त्यांना दुःख करायलाही मोकळं ठेवलं नाही.

हो, माहीत आहे. स्फोटानंतर पोलिसांना संशयावरूनच सुरुवात करावी लागते. टाडातले अकरा जण बराच काळ जामिनावर होते, तेही मान्य. आणि २००८ च्या मालेगाव खटल्यातले सगळे आरोपी जुलै २०२५ मध्ये सुटले. जे माझ्या मास्तरांना, तेच त्यांनाही लागू. घ्या, लिहिलं.

नंबी नारायणन हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून १९९४ मध्येच पकडले गेले. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्यांना पन्नास लाख द्यायला लावले, पुढे पद्मभूषण मिळालं. फार चांगलं झालं. पण ते इस्रोचे शास्त्रज्ञ होते. देवळाली गावच्या टेलरनं सुप्रीम कोर्टात कसं जायचं? त्याच २०१८ मध्ये विधी आयोगानं २७७वा अहवाल दिला, खोट्या खटल्यात अडकवलेल्यांना भरपाईचा कायदा करा म्हणून. तो कायदा आजही झालेला नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काका वाईट माणूस नाहीत. लॉकडाऊनमध्ये अख्ख्या बिल्डिंगची औषधं त्यांनी आणून दिली होती. कापड परत नेणारे तरी कुठे वाईट होते? म्हणूनच तर मला भीती वाटते.

मास्तरांना हजला जायचं होतं. पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन दरवेळी अडायचं. अण्णा रोज कामाला जायचे तिथे देशातल्या कुणाकुणाचे पासपोर्ट छापून बाहेर पडत होते, आणि तिथून दोन किलोमीटरवर शिलाई मारणाऱ्या या माणसाचा निघत नव्हता. कारण विचारलं की सांगायचे, रेकॉर्डला काहीतरी दिसतंय. काय दिसतंय? तेच, ज्यातून सोडलं होतं! निघालाच नाही शेवटपर्यंत. ज्या अर्जाला उत्तर मिळालं नाही, त्या उत्तराची दोन ओळींची चिठ्ठी असती तर निघाला असता. मास्तर गेले. भारतीयच होते, जन्मापासून, पण ते त्यांनी पुन्हा पुन्हा सिद्ध करायचं आणि आपण सकाळी झेंड्याचा इमोजी टाकून मोकळं व्हायचं!

हा पक्षाचा विषय करू नका. १९९४ ला राज्यात काँग्रेसवाले होते, २००६ ला काँग्रेस-राष्ट्रवादीवाले, २०१९ ला नाशिकचा निकाल लागला तेव्हा भाजप-सेनावाले. पुढच्या निवडणुकीत दारात येईल त्या प्रत्येकाला मी एकच विचारणार आहे. ज्याला उचललं आणि काही न सापडता सोडलं, त्याला सही-शिक्क्यानिशी तसं पत्र देणार का, आणि ते पत्र ठाण्याबाहेरच्या फलकावर महिनाभर लावणार का? हो म्हणाला तरच पुढचं बोलू.