निज चालतो, दिग्या चालत नाही

डब्लिनला नव्याने आलेल्या मराठी माणसाला आधी आलेले लोक पीपीएस नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, कसा काढायचा ते सांगतात, भाड्याचं घर मिळवताना किती जोडे झिजतात ते सांगतात, आणि मग एखाद्या शनिवारी जेवणं आटोपल्यावर विचारतात, "'लव्ह/हेट' बघितली की नाही अजून?" मीही अशीच कोणाच्या तरी सांगण्यावरून बघायला बसले आणि शेवटपर्यंत उठले नाही. आरटीई या इथल्या सार्वजनिक वाहिनीवर २०१० ते २०१४ या काळात या मालिकेची पाच पर्वं झाली. स्टुअर्ट कॅरोलनने लिहिलेली ही डब्लिनच्या गुन्हेगारांची गोष्ट. गुन्हेगार म्हणजे पांढऱ्या सुटातले डॉन नव्हेत. निज, फ्रॅन, एल्मो, डॅरन ही ट्रॅकसूट घालून हिंडणारी, माल विकणारी, उधारीवरून एकमेकांच्या जिवावर उठणारी माणसं. निज पुढे टोळीचा म्होरक्या होतो, तरी बायकोची बोलणी खायची त्याची सवय सुटत नाही. चौथं पर्व सुरू झालं तेव्हा जेमतेम ४६ लाखांच्या या देशात जवळपास दहा लाख माणसं टीव्हीसमोर होती.

आमच्या मराठी कंपूत या मालिकेचं कौतुक 'वास्तववादी' या एका शब्दात व्हायचं. शिव्या? वास्तव आहे. रक्त? वास्तव आहे. पोरं नासतायत? समाजच तसा आहे, काय करणार!

मग जानेवारी २०२२ उजाडला. महेश मांजरेकरांच्या 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' या सिनेमाचा ट्रेलर आला आणि घरी, म्हणजे महाराष्ट्रात, गदारोळ उठला. गिरण्या बंद पडल्यानंतरचं गिरणगाव, तिथली वयात येणारी पोरं, दिग्या आणि त्याचा जोडीदार इलियास, त्यांची भाषा, त्यांची हिंसा. ट्रेलरमधल्या लैंगिक दृश्यांवर राष्ट्रीय महिला आयोगाने हरकत घेतली, ट्रेलर यूट्यूबवरून उतरवला गेला, पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर माहीम पोलिसांनी दिग्दर्शक आणि निर्मात्यांवर पॉक्सोखाली गुन्हाही नोंदवला. आमच्या ग्रुपवर तर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "मराठी सिनेमा कुठल्या थराला गेला", "आपली संस्कृती", "आमच्या मुलांना आम्ही मराठी सिनेमे दाखवायचे ते हे?" लिहिणारे हात तेच होते, ज्यांनी मला निजची शिफारस केली होती. वास्तव हा शब्द मात्र या वेळी कोणाच्या बोटावर आला नाही.

हरकत घेणारे सगळे सोवळे होते असं मला म्हणायचं नाही. अल्पवयीन पात्रांना लैंगिक दृश्यात कसं दाखवायचं, हा प्रश्न खराच आहे आणि तो आयर्लंडमध्येही विचारला गेला असता. शिवाय तो ट्रेलर लोकांना डिवचण्यासाठीच कापला होता असं माझं मत आजही आहे. सिनेमाही मला फारसा आवडला नाही. जिथे थांबायला हवं तिथे तो आणखी एक सुरा फिरवतो. पण आमच्या ग्रुपवरचा राग यातल्या कशाबद्दलच नव्हता. राग होता तो परळ-लालबागच्या मराठी पोराला असं दाखवल्याबद्दल.

पुरावा त्याच वर्षी मिळाला. ऑगस्टमध्ये 'दगडी चाळ २' आला. पहिला भाग २०१५चा. त्यातला मकरंद देशपांडेंचा 'डॅडी' आठवा. शांत आवाज, टोपी, दरबार, आणि माफीबद्दलचा तो संवाद, जो आमच्या ग्रुपवर कोणी उशिरा आलं तरी स्टिकर म्हणून पडतो. यावर संस्कृती बुडाली नाही. म्हणजे मराठी गुंड चालतो, पण तो राजा असावा लागतो. त्याने गरिबाला मदत करावी, आईच्या पाया पडावं. कोणाच्याच कामाचा नसलेला, शाळा सुटलेला, अंगात नुसती धग असलेला पोरगा चालत नाही.

कितीतरी दिवस मला हा ढोंगीपणा वाटत होता. आता वाटतं की मामला जरा वेगळा आहे. प्रेक्षकाचं मत बहुतेक वेळा त्याच्या घरापासून त्या गल्लीपर्यंतच्या अंतरावर ठरतं. अंतर भरपूर असलं की करमणूक. मध्यम असलं की लाज. आणि अंतरच नसलं की मग तिसरंच काहीतरी, ज्याला वर्तमानपत्रातल्या चर्चेत सहसा जागा मिळत नाही. निज आम्हाला चालला कारण तो आमचा कोणी लागत नव्हता. दिग्या नात्यातला होता. लांबच्या, पण नात्यातला. आपण ज्या चाळीतून एका पिढीपूर्वी डोंबिवलीला निघालो आणि तिथून डब्लिनला आलो, तिथे मागे राहिलेला.

आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही. आयरिश माणसंही या अंतरानेच बघतात. चौथ्या पर्वाच्या पहिल्याच भागात, २०१३ साली, एक कोवळा पोरगा बंदुकीने मांजर मारतो. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि मांजराला काहीही झालेलं नाही असा खुलासा आरटीईला करावा लागला. त्याआधीच्या तीन पर्वांत माणसं पटापट मरत होती, तेव्हा कोणाचं जेवण अडलं नव्हतं. मांजर मात्र प्रत्येकाच्या घरात असतं. गोळ्या घातल्या जाणारी पोरं कोणाच्या घरात असतात? तर डब्लिन १ मध्ये, शेरीफ स्ट्रीटला, डार्नडेलला. तिथले लोक टीव्हीवर आपली भिंत, आपला जिना ओळखत होते.

मी आधी जिथे काम करायचे तिथल्या कँटीनमध्ये शेरीफ स्ट्रीटच्या एक बाई होत्या. निजचं नाव निघालं की त्या हसायच्या, पण एकदा म्हणाल्या, "तुम्हा लोकांना तो आवडतो, कारण रात्री तुम्ही इथून ट्रेन पकडून लांब जाता." नोकरीच्या अर्जावर त्यांची मुलगी मावशीचा पत्ता घालायची, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांना मालिकेतल्या शिव्यांचं काही वाटत नव्हतं. निजचं काम करणारा टॉम व्हॉन-लॉलर हा दक्षिण डब्लिनचा, लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेत शिकलेला, आणि तरीही त्यांच्या गल्लीची बोली त्याने इतकी हुबेहूब उचलली याचं त्यांना कौतुकही होतं आणि थोडा रागही.

त्या कँटीनची इमारत ज्या जागेवर उभी आहे, तिचीच गोष्ट खरं तर सांगायला हवी. इथे गोदी होती. बापानंतर मुलगा गोदीत लागायचा, आपल्याकडे बदली कामगार म्हणून मुलगा गिरणीत चिकटायचा तसा. कंटेनर आले, माणसांची गरज संपली, कामं गेली. १९८०च्या आसपास त्याच गल्ल्यांमध्ये हेरॉइन शिरलं आणि घरंच्या घरं पोखरली गेली. आया-बापच रस्त्यावर उतरून विकणाऱ्यांच्या दारात मोर्चे नेऊ लागले. आणि १९८७मध्ये त्याच गोदीवर आयएफएससी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र, आलं. काचेच्या इमारती, आत आमच्यासारखे लॅपटॉपवाले, आणि रस्ता ओलांडला की शेरीफ स्ट्रीट.

आता हेच लोअर परळला लावून बघा. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. त्या संपाची सांगता अशी कधी झालीच नाही. गिरण्यांच्या जमिनी तीन वाटे करून एक पालिकेला, एक म्हाडाला आणि एक मालकाला, असा १९९१चा नियम होता. २००१मध्ये तो अशा रीतीने बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची राहिली, बांधकामाखालची जमीन तिच्यातून सुटली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. फिनिक्स मिलचा मॉल झाला. दिग्यासारख्या पोरांच्या वाट्याला त्या मॉलचं फार तर पार्किंग आलं. सिनेमा अश्लील आहे का यावर आमच्या ग्रुपवर शंभर मेसेज पडले. त्यात या जमिनीबद्दल एक ओळही नव्हती, आणि लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांनी भारतात असताना त्याच मॉलमध्ये सिनेमे बघितले आहेत.

इथे आयरिश चर्चेतली एक गोष्ट मला आपल्यापेक्षा पुढची वाटते. ही माणसं पडद्यावर कोण आणि कसं आणतं, हा प्रश्न तिथे चर्चेपुरता न राहता कामात उतरला. 'बिटवीन द कॅनल्स' नावाचा एक कमी पैशात केलेला सिनेमा आहे, मार्क ओकॉनरचा. सेंट पॅट्रिक्स डेच्या एका दिवसातले उत्तर डब्लिनचे तीन भुरटे गुन्हेगार. त्यात काम मिळवायला एका दुकानाच्या काचेवरची जाहिरात वाचून बॅरी कियोगन गेला होता. समरहिलचा पोरगा, आई हेरॉइनने गेलेली, बालपण सरकारने नेमलेल्या पालकांच्या घरांमध्ये गेलेलं. मांजर मारणारा तो कोवळा पोरगा हाच. पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. शेवटच्या पर्वात निजला गोळी घालणारा जॉन कॉनर्स हा आयरिश ट्रॅव्हलर समाजाचा, डार्नडेलमध्ये वाढलेला. ट्रॅव्हलर म्हणजे इथले पिढ्यान् पिढ्या भटके राहिलेले लोक. त्यांना वांशिक अल्पसंख्य म्हणून सरकारी मान्यता मिळायला १ मार्च २०१७ उजाडावा लागला. कॉनर्सने पुढे मार्क ओकॉनरसोबत 'कार्डबोर्ड गँगस्टर्स' लिहिला आणि त्यात प्रमुख कामही केलं. सरकारी भत्ता बंद झाल्यावर हेरॉइन विकायला लागणारा डार्नडेलचा डीजे. तो सिनेमाही रक्तबंबाळ आहे, पण त्यातलं रक्त बघताना भत्ता कापणारी खिडकी विसरता येत नाही.

याचा अर्थ आयर्लंड शहाणं आहे असा मुळीच नाही. ५ फेब्रुवारी २०१६ला डब्लिनच्या रीजन्सी हॉटेलात बॉक्सिंगच्या वजनमापाच्या कार्यक्रमात पोलिसांच्या वेशातल्या बंदूकधाऱ्यांनी एकाला ठार केलं. त्यामागच्या टोळीयुद्धाने अनेक जीव घेतले आणि कित्येक दिवस लोक "अगदी लव्ह/हेटसारखं" असंच बोलत होते. त्यानंतर कुठे सरकारने ईशान्य डब्लिनच्या त्या वस्तीवर अहवाल मागवला आणि पैसे दिले. पाच पर्वं डोळे लावून बघणाऱ्या देशाला तोवर जाग आली नव्हती.

आमचं स्वतःचं अंतर २०२५च्या उन्हाळ्यात मिटलं. जुलैमध्ये टॅला या डब्लिनच्या उपनगरात एका भारतीय माणसाला पोरांच्या टोळक्याने मारलं, अर्धनग्न करून सोडलं. पाठोपाठ आणखी हल्ल्यांच्या बातम्या. भारतीय दूतावासाने १ ऑगस्टला सावधगिरीची सूचना काढली, डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलला गेला. मीसुद्धा संध्याकाळी लुआस ट्रॅममध्ये ट्रॅकसूटवाल्या पोरांपासून दोन डबे लांब बसायला लागले. मग आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की या 'लव्ह/हेट'नेच यांची डोकी फिरवली. मालिका संपली २०१४मध्ये. मारणारी पोरं तेव्हा बाबागाडीत असतील. पण वास्तववादी कलाकृती एका रात्रीत कुसंस्कार झाली, ती अशी. ती भीती खोटी नव्हती, माझीही खोटी नव्हती. फक्त त्या भीतीवर मालिकेचा जो निकाल लागला, तो मला मान्य नाही.

मामा भोईवाड्याच्या चाळीत राहतो. संप झाला तेव्हा तो विशीत होता. मांजरेकरांचा सिनेमा त्याने कोणाच्या तरी मोबाइलवर अर्धा बघितला आणि बंद केला. शिव्यांमुळे नाही, शिव्या त्याच्याकडे जास्त चांगल्या आहेत. "आमच्या चाळीत शंभर पोरं होती गं," तो म्हणाला, "वाया गेली चार. शिनेमात चारच दिसतात." कँटीनमधल्या बाईंचं आणि मामाचं फार जमलं असतं.

पण मामाशी माझं पूर्ण पटत नाही. त्या चारांबद्दल लिहायलाच हवं होतं, आणि ते लिहिणारा बाहेरचा नव्हता. सिनेमा ज्यांच्या कथेवर बेतला ते जयंत पवार गिरणगावातलेच. 'अधांतर' या नाटकात त्यांनी टोळीत गेलेला नारू दाखवला, तो चाळीतल्या एका खोलीत, आईच्या आणि बेकार भावंडांच्या मध्ये उभा करून. त्यामुळे तो डॅडीही होत नाही आणि राक्षसही होत नाही. २९ ऑगस्ट २०२१ला पवार गेले. साडेचार महिन्यांनी ट्रेलरवर वाद पेटला तेव्हा मी वाचलेल्या मेसेजांमध्ये दिग्दर्शकाचं नाव शंभरदा होतं, पवारांचं दोनदा. कथा वाचून भांडणारं कोणी मला भेटलंच नाही. त्या कथेचं बोट धरून वाद झाला असता तर निदान मुद्द्यावर झाला असता.

मामाचा सध्याचा विषय वेगळाच आहे. दीड लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी आणि वारसांनी मुंबईत घरासाठी अर्ज केले आहेत, आणि सरकार त्यांना शेलू-वांगणीची घरं दाखवतंय. ९ जुलै २०२५ला आझाद मैदानावर मोर्चा झाला, त्यात मामाही गेला होता. "ज्याच्या बापाने परळला घाम गाळला त्याला वांगणीला धाडतायत. याच्यावर काढा की शिनेमा," असं तो म्हणतो. काढला तर डब्लिनमधले आम्ही किती जण बघू, सांगता येत नाही. त्यात बंदूक नसेल.