दहा वर्षांनी तो गेम उघडेल का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

लिनक्स या विंडोजला पर्यायी ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे) आणि स्ट्रॅटेजी (डावपेचांचे) गेम्सवर मी गेल्या वेळी लिहिलं, त्यावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत त्याबद्दल आभार. कमेंटच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून स्वतंत्रपणे लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. लिनक्सवर गेम चालतात हा दावाच फसवा आहे, कारण चालतात ते विंडोजचे गेम, ते लिनक्सवर चालवून देणाऱ्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरच्या कुबड्या घेऊन. लिनक्सचे स्वतःचे म्हणावेत असे गेम म्हणजे वेसनॉथ, फ्रीसिव्ह, नेटहॅक. जुनाट दिसणारे, फुकटातले, आणि त्यांना ‘बाल्डर्स गेट’ या गाजलेल्या व्यावसायिक आरपीजीच्या पंक्तीला बसवणं ही दिशाभूल आहे. आणि माझा लेख वाचून तुम्ही भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंत, तर मित्रांबरोबर तो जो ऑनलाइन शूटर खेळायचा तोच बंद पडला, आणि आता तो तुमच्यावर रुसलाय.

भाच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे एका मुलाचा हिरमोड झालाय. अशा शूटर गेममध्ये लबाडी पकडायला जो अँटी-चीट प्रोग्रॅम असतो, तो बऱ्याचदा थेट विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, जाऊन बसतो. प्रोटॉन विंडोजचं कर्नेल पुरवत नाही, त्यामुळे तिथे गाडी अडते ती अडतेच. काही अँटी-चीट लिनक्सवर चालू शकतात, पण तशी मुभा गेम बनवणाऱ्या कंपनीने द्यावी लागते, आणि दिलेली मुभा ती काढूनही घेऊ शकते. ‘एपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. २०२४ मध्ये कंपनीनेच तो बंद केला. खेळणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नाही. म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर शेजारी विंडोज परत टाकून द्या, त्यात कमीपणा काही नाही. लेखात मी आरपीजी आणि स्ट्रॅटेजी असं मुद्दाम आखून लिहिलं होतं. या गेम्समध्ये बहुतेक वेळा आपण एकटे असतो आणि समोर संगणक असतो, त्यामुळे हा अँटी-चीटचा अडथळा वाटेत येतच नाही.

आता प्रोटॉनच्या कुबड्या. नेटिव्ह पोर्टबद्दल, म्हणजे थेट लिनक्ससाठी तयार केलेल्या आवृत्तीबद्दल, मलाही तुमच्याइतकाच जिव्हाळा आहे. पण या दोन प्रकारच्या गेम्सना मी एकच कसोटी लावतो: आज घेतलेला गेम दहा वर्षांनी उघडेल का? शूटरचं आयुष्य मित्रांच्या टोळक्याइतकं असतं. आरपीजीत आणि स्ट्रॅटेजीत माणूस पुन्हापुन्हा परत येतो, वेगळं पात्र घेऊन, वेगळी गादी घेऊन. मधेच सोडलेली मोहीम चार वर्षांनी पुढे चालवतो. त्याला नेटिव्ह की प्रोटॉन यापेक्षा जास्त महत्त्वाचं हे, की गेम मोडला तर तो दुरुस्त करायला कोणाला वाव आहे का.

एकाच गेमचं उदाहरण घेऊ, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. १९९९ मध्ये तो विंडोजवर आला आणि त्याच वर्षी लोकी सॉफ्टवेअरने तो लिनक्सवरही आणला. लोकी ही १९९८ साली सुरू झालेली कंपनी. गाजलेले गेम रीतसर लिनक्सवर आणून विकायचे, हाच तिचा धंदा. ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’, ‘अल्फा सेंटॉरी’, ‘रेलरोड टायकून २’ हे तिचेच पोर्ट. २००२ च्या सुरुवातीला ती बंद पडली. तुमच्या व्याख्येप्रमाणे ‘हीरोज ३’चा तो पोर्ट अस्सल लिनक्सचा गेम. आज तो सुरू करायला बसा. ज्या ध्वनिव्यवस्थेवर तो आवाज काढायचा ती कधीच मागे पडली. ज्या लायब्रऱ्यांवर (तयार कोडच्या संचांवर) तो उभा होता, त्यांच्या त्या आवृत्त्या आजच्या डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांमध्ये) मिळत नाहीत. सोर्स कोड बंद, कंपनी बंद. खटपट करून तो चालवणारे आहेत, पण ती खटपट सामान्य खेळाडूच्या आवाक्यातली नाही.

त्याच गेमची विंडोज आवृत्ती वाईनवर, म्हणजे प्रोटॉन ज्याच्यावर उभं आहे त्या सॉफ्टवेअरवर, टाका, चालते. वाईन १९९३ पासून घडतंय आणि त्याचा सगळा कोड उघडा आहे. विंडोजचा एखादा फंक्शन-कॉल (गेम विंडोजला सांगतो ते एखादं काम) अमुक गेमला अमुक तऱ्हेने हवा असेल, तर तो कोणीही दुरुस्त करून पाठवू शकतो, आणि लोक पाठवतातही.

तिसरी वाट मला सर्वांत प्रिय आहे. २००७ मध्ये काही चाहत्यांनी ‘हीरोज ३’चं इंजिनच नव्याने लिहायला घेतलं, त्याचं नाव व्हीसीएमआय. नकाशे, चित्रं, संगीत आपल्या विकतच्या प्रतीतून घ्यायचं. गेम चालवणारा भाग मात्र पूर्ण नवा आणि खुला. मोठ्या पडद्यावर नीट दिसतं, मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) जोडता येतात, अँड्रॉइडच्या फोनवरही चालतं. याच्या उलट २०१५ मध्ये या गेमची अधिकृत एचडी आवृत्ती विक्रीला आली, तर तिच्यात मूळ गेमचे दोन्ही विस्तारभाग नव्हते. हक्क ज्यांच्याकडे होते त्यांच्या आवृत्तीत गेम अर्धवट राहिला आणि चाहत्यांच्या इंजिनात तो विस्तारांसकट खेळता येतो.

‘मोरोविंड’साठी ओपनएमडब्ल्यू, जुन्या ‘बाल्डर्स गेट’साठी जेमआरबी, ‘हीरोज २’साठी एफहीरोज२, ‘एक्सकॉम’च्या १९९४ च्या मूळ गेमसाठी ओपनएक्सकॉम. हे सगळं याच जातीचं काम आहे, आणि कोणते गेम असे जपले गेलेत ते बघा. अपवाद आहेत, पण आरपीजी आणि स्ट्रॅटेजीची गर्दी यात उठून दिसते.

प्रोटॉन म्हणजे लपवलेलं विंडोज, असं तुम्ही लिहिलंय. त्यात मायक्रोसॉफ्टचं विंडोज कुठेच नाही. स्टीम हे गेम्सचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये वाईनवर आधारून ते काढलं आणि त्याला डीएक्सव्हीके जोडलं, जे विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या चित्रप्रणालीचे आदेश लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या चित्रप्रणालीत उतरवतं. हे डीएक्सव्हीके सुरू झालं ते एका माणसाला ‘नियर: ऑटोमाटा’ हा आरपीजी लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. आधी कोड लिहिला गेला, मग व्हॉल्व्हने त्याला कामावर घेतलं. लोकीमध्ये असलेल्या सॅम लँटिंगाचंही असंच आहे. त्याने सुरू केलेली एसडीएल ही लायब्ररी कंपनी बुडाल्यावरही जगली, तो पुढे व्हॉल्व्हमध्ये गेला, आणि आज असंख्य गेम एसडीएलवर चालतात. उघडा कोड मागे राहतो आणि पुढच्याला कामाला येतो, म्हणून मला प्रोटॉनचा भरवसा वाटतो.

आणि विंडोजचे जुने गेम विंडोजवरच नीट चालतात, हे तरी कुठे खरं आहे? ‘सिव्हिलायझेशन २’ची १९९६ ची मूळ आवृत्ती १६-बिट आहे, म्हणजे जुन्या पिढीच्या विंडोजसाठी लिहिलेली. ६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्रॅमचा आधार काढून टाकला, तेव्हा नुसत्या त्या विंडोजवर ती उघडत नाही, वरून काहीतरी ठिगळ लावावं लागतं. ६४-बिट लिनक्सवर वाईनमध्ये १६-बिट प्रोग्रॅम आजही चालतात. ज्या सीडींना सेफडिस्क नावाचं नक्कल रोखणारं कुलूप होतं, त्यांचीही तीच गत. विंडोज १० ने ते ओळखणारा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने बंद केला. कारण योग्यच होतं, पण कपाटातल्या सीडीचा मालक उघडा पडला.

नेटिव्ह पोर्ट अजिबात मेलेले नाहीत, हेही नोंदवतो. २०१२ नंतर लोकवर्गणीवर उभे राहिलेले ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ आणि ‘वेस्टलँड २’ लिनक्सवर आले. पोर्ट बनवणाऱ्या फेरल कंपनीने ‘एक्सकॉम २’ विंडोजच्याच दिवशी दिला. पॅराडॉक्स कंपनीचे ‘स्टेलारिस’, ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’, ‘क्रुसेडर किंग्ज ३’ लिनक्सवर नेटिव्ह चालतात. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ मध्ये ८६७ सालापासून सुरुवात केली तर दख्खनवर राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष असतो. ज्या घराण्याने वेरूळचं कैलास लेणं खोदवलं त्याची गादी चालवायला मिळते. ‘युरोपा’त अटी पुऱ्या केल्या तर मराठा राज्य स्थापन करता येतं. हे गेम मी वर्षानुवर्षं लिनक्सवरच खेळत आलोय. ‘बाल्डर्स गेट ३’लाही सप्टेंबर २०२५ मध्ये स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी नेटिव्ह आवृत्ती मिळाली, आणि स्टीम डेक म्हणजे लिनक्सच.

आता तुमचा मधला मुद्दा, जुनाट आणि फुकटातल्या गेम्सचा. इथे माझं तुमच्याशी खरं भांडण आहे.

नेटहॅकचा पहिला अवतार १९८७ चा. पडद्यावर नुसती अक्षरं: तुम्ही म्हणजे @, कुत्रा म्हणजे छोटा डी. चित्र शून्य, हे कबूल. पण त्यात कॉकाट्रिस नावाचा एक प्राणी आहे, त्याला उघड्या हाताने शिवलात की तुमचा दगड होतो. त्याला मारल्यावर हातमोजे घालून त्याचं मढं उचलता येतं आणि शस्त्रासारखं वापरता येतं. ज्याला लागेल त्याचा दगड, फार थोडे प्राणी त्यातून सुटतात. ही युक्ती सुचली की आपण कोण हुशार असं वाटतं. मग ते मढं हातात घेऊन चालताना खड्ड्यात पडलात, तर पडताना अंगाला त्याचा स्पर्श होतो आणि हातमोजे असूनही तुमचाच दगड होतो. असं घडू शकेल हे कोणीतरी आधीच विचारात घेऊन लिहून ठेवलंय. भूमिका वठवण्याचा गेम म्हणजे आणखी काय असतं? आपण काहीतरी वेगळं करून बघावं आणि जगाने त्याला नेमका प्रतिसाद द्यावा. कोट्यवधी खर्चून बनवलेल्या कित्येक आरपीजींमध्ये लाकडी दाराला आग लावली तर दार जळत नाही.

२००३ च्या डिसेंबरात नेटहॅकची ३.४.३ आवृत्ती आली आणि त्यानंतरची ३.६.० थेट २०१५ च्या डिसेंबरात. मधली १२ वर्षं अधिकृत नवं काहीच नव्हतं, तरी लोक खेळत राहिले आणि स्वतःच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिले. हे व्हायला कोड हातात असावा लागतो.

वेसनॉथही तसाच, २००३ पासून चाललेला. षटकोनी घरं, पाळीपाळीने चाली. दिवस-रात्र बदलते तशी ताकद बदलते: माणसांचे शिपाई बहुतेक दिवसा २५ टक्के जोरात मारतात, ऑर्क आणि प्रेतसेना रात्री. सांगाड्यावर तलवार चालत नाही, गदा चालते. जंगलात उभ्या एल्फवरचे बरेचसे वार वाया जातात. नियम एवढेच, पण संध्याकाळ होत आली असताना नदी ओलांडायची की अलीकडेच तळ ठोकायचा, या एका चालीवर मी बराच वेळ बसलेलो आहे. त्यातल्या मोहिमेच्या फोल्डरमध्ये जाऊन नकाशाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. स्वल्पविरामांनी तोडलेल्या अक्षरांच्या ओळी दिसतील: जीजी म्हणजे गवत, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे उथळ पाणी. एक जोडी बदला, फाइल सेव्ह करा, मोहीम नव्याने सुरू करा. नदी ओलांडायला तुम्ही दिलेली वाट तयार. १३-१४ वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवून बघा.

एका बाबतीत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि तसं मी लेखातही म्हटलं होतं. कथा आणि संवादांत हे खुले गेम मोठ्या व्यावसायिक आरपीजींच्या जवळपासही जात नाहीत. लाखो शब्दांचे संवाद एकाच सुरात लिहायला पगारी लेखकांचा संच वर्षानुवर्षं एकत्र बसावा लागतो. सवडीने काम करणाऱ्या, जगभर विखुरलेल्या लोकांकडून नियम, इंजिन, नकाशे उत्तम होतात. कादंबरी होत नाही. म्हणून कथेसाठी मी ‘पिलर्स’ किंवा ‘बाल्डर्स गेट’ विकत घेतो आणि डावपेचांसाठी वेसनॉथ, फ्रीसिव्ह उघडतो. दोन्ही एकाच मशीनवर, एकाच लिनक्सवर.

भाच्यासाठी आता नेमकं सांगतो. विंडोज टाकताना लिनक्सचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) पुसू नका, विंडोजसाठी मोकळी जागा वेगळी काढा. विंडोजने बूटचा क्रम बदलला तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन लिनक्स परत वर आणा. मग लिनक्सवर डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर सेंटरमधून वेसनॉथ घ्या. लॅपटॉप जुना असला तरी चालेल, त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. नवशिक्यांसाठीची ‘द साउथ गार्ड’ ही मोहीम निवडा, काठिण्य सर्वांत सोपं ठेवा, आणि पहिले दोन प्रसंग त्याच्या शेजारी बसून खेळा. त्याला इतिहास आवडत असेल तर ‘झीरो ए.डी.’ हा स्ट्रॅटेजी गेम बघा. त्यात मौर्य आहेत, हत्तींसकट, आणि चंद्रगुप्त, अशोक, चाणक्य हे त्यांचे नायक. पण तो थ्रीडी आहे, जुन्या मशीनवर मोठी सेना जमली की धापा टाकतो. नकाशा छोटा ठेवा.

विकतचं काही घेणार असाल तर आधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्या गेमचं नाव शोधा आणि तुमच्यासारखंच हार्डवेअर असलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचा. लॅपटॉपचं मॉडेल, रॅम आणि कोणती डिस्ट्रो टाकलीत ते इथे कळवलंत, तर त्यावर काय नीट चालेल तेही सांगतो.