दोष लेन्सचा की उन्हाचा?

"१५०-६०० ही झूम ४०० च्या पुढे मऊ पडते, ६०० फक्त नावाला," हे या लेन्सच्या चाचणीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. (आकडे मिलिमीटरचे, आणि मऊ म्हणजे फोटो धूसर येणं.) भाऊ, चाचणी किती वाजता घेतली तेवढं सांगा! सोबतचे फोटो भर दुपारचे दिसतात, सावल्या पायाखाली आहेत. आमच्या गोंदियाकडे उन्हाळी धानाच्या बांधीत सारसाची जोडी दीड-दोनशे मीटरवर उभी असते. सकाळी साडेसहाला त्याच ६०० वर पिसं मोजून घ्या, आणि अकरानंतर तोच पक्षी पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते, तिला कोणती काच काय करणार? शटर १/२००० सेकंद केलं तरी फरक पडत नाही, हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशनही तिथे कामाचं नाही. मीही पहिल्या मे महिन्यात लेन्स खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडून आलो होतो. (वर त्यानेच फुकट दिलेला स्वस्त फिल्टर पुढे लावलेला होता, तो काढल्यावर बरंच सुधारलं.)

६०० ला एफ/६.३ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, थोडी मऊ आहे, हे मान्य. छिद्र लहान करून एफ/८ केलं की सावरते, पण पहाटे तेवढा उजेड कुठून आणायचा? खरी अडचण ही आहे, आणि लेखात तिच्यावर एक ओळही नाही. पुन्हा तपासायची तर वीस-पंचवीस मीटरवरचं पळसाचं खोड घ्या, ट्रायपॉडवर, ऊन चढायच्या आत.