मदत भरपूर आहे, फक्त आधी लॉगिन करा

युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना कोणी विचारत नाही असं जे म्हणतात ना, त्यांनी ओरिएंटेशनचा दिवस झोपून काढलेला असतो. तो सगळेच झोपून काढतात म्हणा. पण त्या दिवशी स्टेजवरून जी यादी वाचतात ती नीट ऐकली तर माणसाला वाटेल आपण इथे शिकायला आलोय की उपचाराला. समुपदेशन केंद्र, आरोग्य केंद्र, लेखन केंद्र, करिअर सेल, दिव्यांग विद्यार्थी कक्ष, शिष्यवृत्ती विभाग, तक्रार निवारण, आयटी हेल्पडेस्क, रात्री लायब्ररीतून उशिरा निघालात तर हॉस्टेलपर्यंत सोबत चालत येणारी सिक्युरिटी, आणि काही ठिकाणी तर परीक्षेच्या दिवसांत पोरांना कुरवाळायला शिकवलेली कुत्रीसुद्धा आणतात. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, "मदत मागायला अजिबात लाजू नका." लाजायचा प्रश्नच येत नाही हो. लाजायला समोर कोणीतरी माणूस लागतो, आणि इथे समोर असतं पोर्टल.

माझं म्हणणं फार साधं आहे. मदत मागायला जे जे जमावं लागतं तेच नेमकं मदतीची गरज असलेल्या माणसाला जमत नसतं. ज्याची झोप उडालीये त्याला सकाळी नऊची अपॉइंटमेंट देतात. ज्याला मेल उघडायची धास्ती बसलीये त्याला सगळं मेलवर कळवतात, आणि ज्याला दोन वाक्यं धड सुचत नाहीत त्याला सांगतात की तुमची अडचण दोनशे शब्दांत मांडा. मी दोनशे शब्द मांडू शकत असते तर असाइनमेंटच नसती का लिहिली?

तर झालं असं की ऐन सबमिशनच्या आठवड्यात मला ताप भरला. साधा ताप, पण असा की स्क्रीनवरची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायला लागली. मुदतवाढ हवी होती. त्यासाठी फॉर्म असतो, नाव काय तर 'असाधारण परिस्थिती अर्ज'. त्यात विचारतात, ही परिस्थिती आधी लक्षात येण्यासारखी होती का, तुमच्या हाताबाहेरची होती का, अभ्यासावर नेमका काय परिणाम झाला, आणि पुरावा जोडा. माझी रूममेट म्हणाली, "अगं थर्मामीटरचा फोटो जोड." नाही चालत. डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि तेही आजारपणातल्याच तारखेचं, कारण कुठलेही शहाणे डॉक्टर मागची तारीख घालून पत्र देत नाहीत. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण त्याचा अर्थ असा होतो की ज्या दिवशी उठवत नाही नेमकं त्याच दिवशी उठून, आवरून, कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला जायचं. बरं वाटल्यावर गेलात तर तुम्हाला बरं वाटतंय, मग पत्र कशाला?

गेले. आरोग्य केंद्राच्या काउंटरवर मॅडम म्हणाल्या, कार्ड स्कॅन करा. केलं, लाल दिवा. पुन्हा केलं, लाल दिवा. "कार्ड अ‍ॅक्टिव्ह नाहीये तुमचं, कार्ड ऑफिसला मेल टाका." म्हणलं टाकते, तर मेल उघडेना, पासवर्डची मुदत संपलेली. नवीन पासवर्डसाठी एक कोड येतो, तो येतो जुन्या मोबाइल नंबरवर, आणि तो नंबर मी बदललेला. नंबर बदलायचा तर आयटी हेल्पडेस्कवर स्वतः यावं लागतं, ओळखपत्र घेऊन, आणि ओळखपत्र म्हणजे कुठलं, तर तेच जे अ‍ॅक्टिव्ह नाहीये. म्हणजे मी कोण हे सिद्ध करायला कार्ड, कार्ड चालायला मेल, मेल उघडायला कोड, आणि कोड मिळवायला मी कोण हे सिद्ध करायचं. तापात हे सगळं ऐकताना मला एक क्षण खरंच वाटलं की प्रश्न रास्त आहे, मी नक्की कोण आहे?

हेल्पडेस्कवरचा मुलगा मात्र सज्जन. तो म्हणाला तुमचं तिकीट काढतो, म्हणजे तुमच्या अडचणीला एक नंबर मिळतो आणि तो रांगेत बसतो, तुम्हाला बसावं लागत नाही. छान. पुढची अपडेट कुठे येणार? "तुमच्या युनिव्हर्सिटी मेलवर." मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आम्हा दोघांनाही कळलं, पण सिस्टीममध्ये दुसरा मेल टाकायला रकानाच नव्हता. नंतर कधीतरी तो मेल उघडला तेव्हा बघितलं, तर आधी आलं होतं की आम्ही तुमच्या उत्तराची वाट बघतोय, मग आलं होतं की उत्तर न आल्यामुळे तुमची समस्या सुटली असं समजून तिकीट बंद करत आहोत. अशी समस्या सुटत असती तर काय हवं होतं.

घोडं शेवटी सोडवलं कोणी, तर गेटवरच्या सिक्युरिटी काकांनी. मी बाहेर कट्ट्यावर डोकं धरून बसलेले, ते आले आणि म्हणाले, "काय पोरी, लाल दिवा?" त्यांना कसं कळलं देव जाणे. मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही वेबसाइटवर नाही. कार्ड ऑफिसच्या पुढच्या खिडकीत जायचंच नाही, तिथे टोकन मशीन आहे. मागच्या दाराने जायचं, तिथे एक सर बसतात, ते फी भरल्याची पावती बघतात आणि हाताने कार्ड चालू करून देतात. "आणि उभ्याउभ्या बोलू नको, बस खुर्चीवर, बसलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत ते." गेले, बसले, पावती दाखवली. सरांनी दोन बटणं दाबली, हिरवा दिवा. सर म्हणाले, "एवढंच ना? मग आधी का नाही आलात?" मी ताप असल्यामुळे काही बोलले नाही.

डॉक्टर चांगल्या होत्या, पत्र दिलं, मुदतवाढ मिळाली. पण पत्र लिहिता लिहिता त्यांनी विचारलं झोप कशी आहे, आणि मी खरं सांगून बसले, तर त्यांनी मला समुपदेशन केंद्रात पाठवलं.

तिथे आत जायच्या आधी नैराश्य किती आहे ते बघायची एक प्रश्नावली भरायची असते, पीएचक्यू-९ म्हणतात तिला, २००१ साली प्रसिद्ध झालेली आणि वापरायला फुकट असल्यामुळे जगभर चालते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. अजिबात नाही म्हणजे शून्य, जवळजवळ रोज म्हणजे तीन, एकूण सत्तावीस. आता मी जन्मभर परीक्षा दिलेली मुलगी, गुण म्हणलं की हात आपोआप जास्तीकडे जातो. दुसऱ्या बाजूला वाटायचं की फार जास्त झाले तर घरी कळवतील (नाही कळवत, सज्ञान माणसाचं बोलणं गुप्त राहतं, जिवाला धोका वगैरे असला तरच अपवाद, हे फॉर्मवर लिहिलेलं असतं पण फॉर्म कोण वाचतंय), आणि फार कमी झाले तर म्हणतील तुला काही झालेलं नाही, जा अभ्यास कर. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. त्यात प्रश्न पण असे की कुठूनही सापडतोच माणूस. झोप लागत नाही किंवा फार झोप येते? भूक मेलीये किंवा फार खाल्लं जातंय? मी म्हणलं मधलं कोणी उरतंय का कॅम्पसवर. माझं तर एकाच दिवसात दोन्ही व्हायचं, रात्री टक्क जागी आणि लेक्चरमध्ये गाढ.

नववा प्रश्न मात्र तसा नाही. तो मरून जावंसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, याबद्दल असतो, आणि तिथे शून्य सोडून काहीही लिहिलं तर बाकीची बेरीज बाजूला ठेवून आधी त्याच्याबद्दल बोलतात. म्हणून तिथे खरं तेच लिहायचं, नंतर लोक काय म्हणतील याचा हिशोब करत बसायचं नाही. बाकीच्या आठांत काय नाटकं करायची ती करा.

वेटिंग रूममध्ये सगळे एकमेकांना न ओळखल्यासारखे बसतात. माझ्या समोर माझ्याच वर्गातला टॉपर होता, आम्ही दोघंही भिंतीवरचं पोस्टर अशा तन्मयतेने वाचत होतो की त्याच्यावरच पेपर आहे. मग मी फोन काढला आणि या सगळ्या कक्षांचा उगम कुठला ते वाचत बसले. त्यात एड रॉबर्ट्स सापडला. लहानपणी पोलिओ झालेला, गळ्याखाली जवळजवळ सगळं शरीर लुळं, रात्री लोखंडी फुप्फुस म्हणतात त्या अजस्र श्वासयंत्रात झोपायला लागायचं. १९६२ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या बर्कली युनिव्हर्सिटीत शिकायला गेला, तर त्या यंत्राच्या वजनाला हॉस्टेलच्या जमिनी पुरणार नव्हत्या. मग कॅम्पसच्या हॉस्पिटलातच त्याची राहायची सोय केली, त्याच्यामागून तसेच आणखी विद्यार्थी आले, त्यांनी आपला गट केला, भांडले, आणि १९७० मध्ये तिथे दिव्यांग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू झाला. मदतनीस शोधून देणं, बिघडलेली व्हीलचेअर दुरुस्त करून देणं, असली कामाची कामं. आज परीक्षेत कोणाला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, त्याच्या मागे असे काउंटरवर ठाण मांडून बसलेले लोक आहेत. हे वाचल्यावर माझ्या लाल दिव्याचं दुःख जरा आवरलं. सगळं नाही, थोडं.

आतल्या मॅडमबद्दल फार सांगत नाही, त्या चांगल्या होत्या आणि जे बोललो ते आमच्यात. पण पुढची तारीख इतकी लांबची मिळाली की मी विचारलं, मधल्या काळात काय करू? त्यांनी रात्रीच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. ही नाइटलाइनची कल्पना १९७० साली इंग्लंडमधल्या एसेक्स युनिव्हर्सिटीत सुरू झाली, रात्रभर विद्यार्थीच फोनवर बसतात, तुमचं नाव विचारत नाहीत आणि मुख्य म्हणजे सल्ला देत नाहीत, फक्त ऐकतात. हे वाचून मी उठूनच बसले. सल्ला न देता ऐकणारा माणूस माझ्या अख्ख्या ओळखीपाळखीत नाही. मी शिंकले तरी पूर्ण शिंक व्हायच्या आत तीन उपाय येतात. एका रात्री लावला फोन. पलीकडची मुलगी "हं" म्हणाली, मग गप्प, मग "मग तुला काय वाटलं?" मला इतकी सवय नव्हती की मीच तिला विचारलं, "तू काही सांगणार नाहीस का?" ती म्हणाली, "नाही, तू बोल." मग काय, बोलले, चांगली तासभर.

लेखन केंद्राचा अनुभव मात्र उलटा. मी गेले ती असाइनमेंट टेबलावर ठेवून, की हे घ्या, चुका काढा, संध्याकाळी नेते. समोरचा मुलगा म्हणाला आम्ही चुका दुरुस्त करून देत नाही, तुम्हीच मोठ्याने वाचा. वाचायला लागले. तिसऱ्या वाक्यात माझा दम संपला पण वाक्य संपेना, आणि तो शांतपणे म्हणाला, "इथे काय म्हणायचंय?" असा राग आला मला. कारण काही म्हणायचंच नव्हतं, शब्दसंख्या भरायची होती. नंतर कळलं की ही केंद्रं बहुतेक ठिकाणी मुद्दाम अशीच चालवतात, कागद सुधारायचा नाही तर लिहिणारा सुधारायचा. मला कागद सुधारून हवा होता, मला कशाला हात लावताय.

लायब्ररीबद्दल मी वाकडं बोलणार नाही. अख्ख्या कॅम्पसवर ही एकच जागा जिथे तुम्हाला नक्की काय हवंय हे तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं. मी मॅडमना सांगितलं की एक निळ्या कव्हरचं पुस्तक होतं, विषय साधारण असा असा. त्यांनी हसण्याऐवजी प्रश्न विचारायला घेतले, कशासाठी हवंय, कुठे बघितलं होतं, किती जुनं, आणि पुस्तक सापडलं, पण ते निघालं दुसऱ्याच युनिव्हर्सिटीत. तर म्हणाल्या मागवते. एका लायब्ररीतून दुसरीत पुस्तक मागवायची ही पद्धत नवी नाही, बर्कलीच्याच जोसेफ रॉवेल नावाच्या ग्रंथपालाने १८९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी लायब्ररीशी पुस्तकांची अशी देवाणघेवाण सुरू केली होती. मॅडमनी मला पोर्टल उघडायला सांगितलं नाही, चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं. पुस्तक आलं तेव्हा सबमिशन होऊन गेलं होतं आणि कव्हर हिरवं निघालं, पण पुस्तक तेच होतं.

आता हॉस्टेलमधल्या ज्युनियर पोरी माझ्याकडे येतात. परवाच एक दारात उभी, "ताई, कार्ड लाल दाखवतंय." मी तिला आत बोलावलं. म्हणलं हे बघ, मेल टाकू नकोस, तिकीट काढू नकोस. फीची पावती प्रिंट करून घे, फोनवरची दाखवलीस तर सर म्हणतात झूम होत नाही. गेटवरच्या काकांना आधी नमस्कार कर, ते सांगतील सर जागेवर आहेत की चहाला गेलेत. मागच्या दाराने जा आणि गेल्या गेल्या खुर्चीत बस. आणि नवीन फोटो काढायची वेळ आली तर हसू नकोस, माझं कार्ड हसण्यामुळेच दोनदा रिजेक्ट झालं होतं.