रिकाम्या पिंपाचं काय? भोसरीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. घातक कचऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "हे नियम केमिकल कंपन्यांसाठी. आमचं दहा माणसांचं वर्कशॉप. महिन्याला अर्धं बॅरल जळकं ऑईल निघतं, ते भंगारवाला रोखीनं नेतो. थिनरची रिकामी पिंपं कामगार पाणी भरायला घरी नेतात. यात घातक काय? कागद रंगवायला आता माणूस ठेवू का?"

आधी माझी चूक. साठलेला घातक कचरा ९० दिवसांत हलवलाच पाहिजे, असं मी ठासून लिहिलं होतं. पण घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वर्षाला १० टनांपर्यंत घातक कचरा निघणाऱ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. अर्ध्या बॅरलसाठी गाडी येत नाही हे मलाही ठाऊक आहे. ही मुदत मागून घ्या.

बाकीचं पटलं नाही. याच नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे घातक कचऱ्याच्या यादीत, ५.१ला वापरलेलं तेल आहे, ३३.१ला घातक रसायन लागलेली रिकामी पिंपं. कामगार किती, हे तिथे विचारलेलंच नाही. भंगारवाल्याकडचं तेल शटरिंगच्या फळ्यांना फासलेलं आणि भट्टीत जाळलेलं मी पाहिलंय. त्यातले जड धातू कुठे जातात? माती आणि धुरात. 'पुढचं तो बघेल' म्हणून सुटताही येत नाही. नियम २३ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी कचरा ज्याच्याकडून निघाला त्याच्यावरही आहे. म्हणून तर मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्याच्या गाडीसोबत जाणाऱ्या कागदाच्या, सात प्रती. पिवळी तुमच्याकडे राहते आणि माल परवानाधारक रिसायकलरकडे पोचला की निळी तिकडून तुमच्याकडे येते. उद्या कुणी विचारलं तर तुमच्या बाजूनं तीच बोलेल. याशिवाय कचऱ्याची फॉर्म ३ची नोंदवही आणि वर्षातून एकदा, ३० जूनपर्यंत, मंडळाला फॉर्म ४मधलं वार्षिक विवरण. एवढ्यासाठी माणूस ठेवायला लागत नाही.

पण तुमची कमेंट वाचून मला झोप लागली नाही ती पिंपांमुळे. एका कारखान्यात थिनरच्या रिकाम्या पिंपाचं झाकण गॅस कटरनं कापताना स्फोट झालेला मी पाहिलाय. आत थेंबभर द्रव नव्हता, नुसती वाफ. अशा पिंपात तुमच्या कामगारांच्या घरी पाणी भरलं जातंय, आणि पोरंबाळं ते पीत असतील. तुम्ही ती आपुलकीनं दिलीत, याबद्दल मला शंका नाही. आजच ती परत मागवा आणि बदल्यात पाण्याच्या नव्या टाक्या घेऊन द्या. फॉर्मचं त्यानंतर बोलू.