चोर घरातलाच हवा

राउटरमध्ये अमुक दोष सापडला, ताबडतोब अपडेट करा, अशी बातमी आली की पहिला परिच्छेद वाचून घाम फोडून घेऊ नका. खाली कुठेतरी लिहिलेलं असतंच: ‘हल्ला करणारा त्याच लोकल नेटवर्कवर असावा लागतो.’ संपलं. म्हणजे चोर घरातलाच हवा. आणि आपल्या घरात कोण असतं? आपणच.

आपण, आणि ज्यांना वायफायचा पासवर्ड माहीत आहे ते. तो केबलवाल्याच्या पोराने जोडणीच्या दिवशीच ठरवून टाकला: तुमचा मोबाइल नंबर. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरी म्हणून तुमचा हाच नंबर आहे, पण तिथे ‘पासवर्ड’ असं लिहिलेलं नाही, त्यामुळे गुप्तता अबाधित. गणपतीत आरतीला आलेल्यांनी तो घेतला, शिकवणीच्या मुलांनी घेतला, कधीच खोली सोडून गेलेल्या पेइंग गेस्टकडेही तो आहे. बदलू मात्र नका. सगळ्यांचे फोन, टीव्ही, प्रिंटर, एवढ्यांत पुन्हा टाकत कोण बसणार? गेस्ट नेटवर्कचं तर नावच काढू नका. व्याह्यांना वेगळ्या वायफायवर बसवलं तर ते काय म्हणतील!

स्वस्तात मिळालेला कॅमेरा आणि रंग बदलणारा बल्ब हेही आता घरचेच. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातकी प्रोग्रामने, अशीच घरची मंडळी कामाला लावली होती: कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर, राउटर. फार डोकं चालवावं लागलं नाही. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या, एवढंच. त्या ऑक्टोबरात या सगळ्या मंडळींनी मिळून इंटरनेटवर असा भडिमार केला की ट्विटर आणि नेटफ्लिक्स अमेरिकेत कित्येकांना काही तास उघडेनात. तेव्हा तुमचंही ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ जपून ठेवा. जगाच्या उलाढालीत आपलाही खारीचा वाटा असावा.

आता कोणी उंटावरचा शहाणा सांगेल की परक्याला घरात यावं लागतच नाही, तुमचा ब्राउझर आत बसलेलाच आहे. एखादं भलतंसलतं पान उघडलंत की ते ब्राउझरलाच पिटाळतं, ‘जरा १९२.१६८.१.१ वर, राउटरच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन एवढी सेटिंग बदलून ये.’ राउटर कच्चा आणि पासवर्ड मूळचाच असेल, तर त्याला वाटतं घरच्याच माणसाने सांगितलं, आणि तो डीएनएस, म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचं ठिकाण सांगणारा वाटाड्या, बदलून मोकळा होतो. मग बँकेचा पत्ता तुम्ही कितीही अचूक टाइप करा, पोहोचाल ते नवा डीएनएस नेईल तिथे. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास जवळपास ४५ लाख मोडेमांचे डीएनएस परस्पर बदलले गेले होते. पण ब्राझील लांब आहे. ब्राउझरने ‘हे पान सुरक्षित नाही’ असं बजावलंच, तर नेहमीप्रमाणे ‘तरीही पुढे जा’ दाबा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय, चालूच असू द्या. आठ आकडी पिन, म्हणजे दहा कोटी शक्यता, कोण करत बसणार? २०११ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं की राउटर त्या पिनचे दोन तुकडे करून तपासतो, पहिले चार आकडे बरोबर आले की लगेच कबूल करतो, आणि आठवा आकडा तर आधीच्या सातांवरून काढता येतो. दहा हजार अधिक एक हजार, उरल्या ११,००० शक्यता. चुकीच्या पिननंतर राउटर अडवत नसेल, तर जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्याला हे काही तासांचं काम. येता-जाता त्याला चहा विचारा.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करू नका, मधेच लाइट गेली म्हणजे? त्यापेक्षा बंद करून चालू करा. हसू नका, मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाचा मालवेअर ५४ देशांतल्या निदान ५ लाख उपकरणांत शिरलेला सापडला, तेव्हा एफबीआयने लोकांना नेमकं हेच सांगितलं होतं. आपला केबलवाला हा सल्ला वर्षभर फुकट देतो. फक्त, बंद-चालू करून त्या मालवेअरचा वरचा भाग जायचा, मूळ आतच राहायचं. ते उपटायला मागच्या भोकात टाचणी घालून फॅक्टरी रीसेट करणं आलं. टाचणी घालण्याआधी एवढं पाहा, की रीसेटनंतर नेट चालू करायला लागणारा युजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याकडेच असतो, आणि रविवारी तो फोन उचलत नाही.